तोड्याची बंदूक खरोखरच मागासलेली होती काय?

मीरा-भाईंदरमधील डोंगरी-चौक परिसरात, वसईच्या खाडीच्या मुखाशी, धारावीचा किल्ला आहे. मार्च 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तो घेतला आणि समोरच्या वसईचा वेढा अधिक आवळला गेला. या मोहिमेविषयी एक विधान हमखास वाचायला मिळते : पोर्तुगिजांकडे चकमकीच्या आधुनिक बंदुका होत्या, मराठ्यांकडे तोड्याच्या जुनाट. मराठी फौजेत तोड्याच्याच बंदुका अधिक होत्या, हे खरे. ‘जुनाट’ हा शेरा मात्र यंत्रणा न पाहताच मारलेला आहे.

तोडा किंवा जामगी म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. ती विझत नाही, मंद जळत राहते. तिचे पेटते टोक घोड्याच्या चिमट्यात धरलेले असते. चाप ओढला की आतल्या पट्टीमुळे घोडा खाली येतो, कानात घातलेली रंजक पेटते आणि बारीक छिद्रातून आग नळीतल्या दारूपर्यंत पोहोचते. चाप सोडला की घोडा पुन्हा वर. एवढेच! गावचा लोहारही ती दुरुस्त करू शके.

याच बंदुकीचा दुसरा प्रकार पोर्तुगीज अमलातील गोव्याशी जोडला जातो. त्यात घोडा कमानीच्या जोराने झटक्यात कानावर आदळे. 1543 मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोर्तुगिजांबरोबर पोहोचलेली बंदूक याच घराण्यातली मानली जाते. बार लवकर उडे, पण आपटून निखारा विझण्याचा धोकाही असे.

चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पडते. तोडा सांभाळण्याची कटकट नाही, रात्री निखारा दिसून जागा उघड होण्याचे भय नाही. पण कमान नीट पाणी दिलेल्या पोलादाचीच हवी. ती मोडली की हातात उरते ती काठी. शिवाय झाडाआडून वा मोर्च्यातून नेम धरणाऱ्याला लांब नळीची तोड्याची बंदूक पुरेशी होती. वसईचा तट तर बंदुकांनी फुटलाच नाही. सुरुंगांनी बुरूज उडवले आणि मे 1739 मध्ये किल्ला शरण आला.

तोड्याची खरी अडचण उघड्या मैदानात होती. पेटते तोडे आणि कमरेची दारू यांमुळे शिपायांना खांद्याला खांदा लावून उभे करता येईना. चकमकीच्या बंदुकीने ती दाट रांग शक्य केली. म्हणूनच ती मराठी फौजांत कवायती पलटणींबरोबर रुजली : 1761 च्या पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या हाताखाली, आणि पुढे महादजी शिंद्यांच्या चाकरीतील द बॉयनच्या पलटणींत. त्या पलटणींसाठी आग्र्याच्या कारखान्यात संगस्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली अशा बंदुका तयार होऊ लागल्या.