रक्ताचा अहवाल सुधारला, मग सूज का उतरत नाही?

लघवीला सतत फेस येणे, पायांवर सूज, थोडे चालताच धाप, उभे राहताच भोवळ, जीभ जाड होणे, डोळ्यांभोवती जांभळट डाग उमटणे, ही लक्षणे ‘वयोमानाने होते’ म्हणून सोडून देऊ नयेत. क्वचित त्यांच्यामागे ‘एएल अमायलॉइडोसिस’ हा दुर्मीळ विकार असतो. अस्थिमज्जेतील बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी ‘लाइट चेन’ नावाची सदोष प्रथिने तयार करतात आणि ती हृदय, मूत्रपिंड व मज्जातंतूंमध्ये साचत जातात.

या पेशींना आवर घालणे हे पहिल्या उपचाराचे ध्येय असते. बोर्टेझोमिब, सायक्लोफॉस्फमाइड व डेक्सामेथासोन या तीन औषधांना डॅरॅटुमुमॅबच्या त्वचेखालील इंजेक्शनाची जोड देऊन ‘अँड्रोमेडा’ ही 388 रुग्णांची चाचणी झाली. 2021 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चारही औषधे घेणाऱ्यांपैकी सुमारे 53 टक्के रुग्णांच्या रक्ताने पूर्ण प्रतिसाद दिला. तीनच औषधे घेणाऱ्यांत हे प्रमाण 18 टक्के होते. सहा महिन्यांनी हृदयाची सुधारणा अनुक्रमे सुमारे 42 व 22 टक्के, तर मूत्रपिंडाची 53 व 24 टक्के रुग्णांत दिसली. मात्र ज्यांचे हृदय फारच दुर्बल झाले होते, अशा रुग्णांचा या चाचणीत समावेश नव्हता. म्हणूनच लवकर निदानाचे मोल मोठे आहे.

आता शीर्षकातील प्रश्नाकडे वळू. रक्तातील प्रथिन काही आठवड्यांत घटू शकते. अवयवांत आधीच साचलेले मात्र शरीर हळूहळू दूर करते. नळ बंद केला तरी अंगणातले पाणी लगेच ओसरत नाही. अवयव सावरण्यास कित्येक महिने, कधी वर्षही लागते. या काळात ‘गुण येत नाही’ असे मानून उपचार परस्पर थांबवणे घातक ठरते.

शुश्रूषा करणाऱ्यांनी रोज सकाळी रुग्णाचे वजन करून वहीत टिपावे. वजन झपाट्याने वाढल्यास, धाप वाढल्यास वा ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. हातापायांना मुंग्या येणे हा बोर्टेझोमिबचा परिणाम असू शकतो; डेक्सामेथासोनने साखर वाढते, झोप उडते. हेही सांगावे, कारण औषधांची मात्रा बदलता येते. रुग्णाने अंथरुणावरून उठताना आधी क्षणभर बसावे. पुढील भेटीत ‘लाइट चेन’ आणि ‘एनटी-प्रोबीएनपी’ यांचे आकडे आवर्जून विचारावेत व त्याच वहीत लिहून ठेवावेत.