पगारपत्रकातले दोनशे रुपये

एका शाळेच्या कार्यालयात मी तीस वर्षं पगारबिलं केली. भविष्य निर्वाह निधी, आयकर, पतपेढीचा हप्ता या कपातींबद्दल कुणी फारसं विचारत नसे. नव्यानं लागलेला शिक्षक मात्र पहिल्या पगाराला हमखास माझ्या टेबलापाशी यायचा. "भाऊसाहेब, हे दोनशे कसले?" "व्यवसाय कर." "मग आपण कुठला व्यवसाय करतो?" खोलीत हशा पिकायचा. फेब्रुवारीत दोनशेऐवजी तीनशे कापले की तोच विनोद पुन्हा व्हायचा.

हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या चिकाटीतून ही योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. खेड्यातल्या माणसानं काम मागितलं तर पंधरा दिवसांत ते द्यायचं, देता आलं नाही तर भत्ता द्यायचा. त्याच्या खर्चाचा वाटा पगारदारांनी आणि व्यावसायिकांनी उचलायचा आणि सरकारनं त्यात तेवढीच भर घालायची. देशाचा असा कायदा व्हायला २००५ उजाडलं.

२०१३च्या दुष्काळात आमच्या शाळेतल्या सगळ्यांनी एक दिवसाचा पगार दिला. कुणीही कुरकुर केली नाही. धनादेश देतानाचा फोटो बरेच दिवस सूचनाफलकावर होता. त्याच महिन्यात एका सरांनी मला पुन्हा विचारलं, "हे दोनशे बंद नाही का करता येणार?" माणसं तीच होती आणि पैसा जाणार होता तोही दुष्काळी भागातच. फरक एवढाच की एक दिवसाचा पगार देताना आपण दाते होतो आणि दोनशे कापले जाताना आपल्याला कुणी आभार मानणारं नव्हतं. गरिबीबाबत आपली नियत मला तिथे दिसली. आपल्याला द्यायला आवडतं, देणं लागायला आवडत नाही.

मला या दोनशेंचा राग कधी आला नाही, कारण मी माणदेशातला. १९७२च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. आई पाझर तलावाच्या कामावर घमेली वाहायची आणि मी तिच्या मागे धाकट्या बहिणीला सांभाळत बसायचो. मे १९७३मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर होती. कामावर खायला सुकडी मिळायची आणि ती मला फार आवडायची. आईनं पुढे आयुष्यभर सुकडीचं नाव काढलं नाही. हजेरीपटावर अंगठा उठवून घेतलेल्या पैशांबद्दल मात्र ती भरभरून बोलायची.

"रोजगार हमीमुळे शेताला मजूर मिळत नाहीत," अशी तक्रार गावाकडचे नातेवाईक करतात. मजूर मिळत नाही म्हणजे पडेल त्या मजुरीला मिळत नाही. नाही म्हणायची सोय झाली, हे तर या योजनेचं यशच. खोट्या नावांचे हजेरीपट मीही पाहिलेत. पण खोटी बिलं निघतात म्हणून आपण रस्ते बांधायचं थांबवत नाही. ठेकेदाराला धरा म्हणतो. मग इथेच योजना बंद करा का म्हणतो?

माझी तक्रार वेगळी आहे. या कराची वर्षाची कमाल मर्यादा राज्यघटनेनं ठरवलेली आहे. १९८८ मध्ये ती २५० रुपयांवरून २,५०० झाली आणि तिथेच राहिली. त्यामुळे मी बिलं करायचो तेव्हा शिपाई आणि मुख्याध्यापक यांची कपात सारखीच असायची. पाच लाख महिना घेणारा कंपनीचा अधिकारीही वर्षाला तेवढेच भरतो. सदतीस-अडतीस वर्षांत पगार कुठल्या कुठे गेले आणि गरिबाचं देणं तेवढं जागच्या जागी राहिलं. शिपायाचे कमी करा, वरच्यांचे वाढवा. आणि पगारपत्रकावर 'व्यवसाय कर' या शब्दांपुढे कंसात 'रोजगार हमी' एवढं छापा, म्हणजे त्या टेबलावरचा हशा तरी थांबेल.

आई जाऊन सहा वर्षं झाली. शेवटच्या दिवसांत नातवानं तिला विचारलं होतं, "आजी, दुष्काळात तुम्हाला सरकारनं मदत केली ना?" ती फणकारली. "मदत कसली? माती वाहिली म्या. त्यो माझा पगार व्हता."