गढुळात जाती घडत नाहीत

व्हिक्टोरिया सरोवरातल्या सिक्लिड माशांचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो, आणि तो करणारे अडाणी नसतात. त्यांचे म्हणणे असे: हे सरोवर सुमारे १५,००० वर्षांपूर्वी कोरडे पडले होते. ते पुन्हा भरल्यावर एवढ्याशा काळात तिथे सिक्लिडच्या सुमारे ५०० जाती घडल्या. त्यांतल्या दोनेकशे १९८० च्या दशकात नाहीशा झाल्या हे वाईटच, पण ज्या वेगाने घडल्या त्याच वेगाने पुन्हा घडतील.

यातली माहिती खरी आहे, निष्कर्ष खोटा आहे.

हा वेग आला कुठून, हे आधी विचारायला हवे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसले, की या जातींच्या मुळाशी काँगो आणि वरच्या नाईलच्या खोऱ्यांतल्या दोन दूरच्या वंशांचा सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी झालेला संकर आहे. म्हणजे जाती नव्या असल्या तरी त्यांचे भांडवल सरोवराहून कितीतरी जुने आहे. जात संपते तेव्हा त्या भांडवलातला तिच्याकडचा हिस्साही जातो. तो परत भरायला नवा पाऊस पुरत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. पुंडामिलिया वंशाच्या दोन जाती पाहा: एकीचा नर निळा, दुसरीचा लाल. दोघींचा संकर झाला तरी पिल्ले जननक्षम निपजतात. मग त्या वेगळ्या राहतात कशाने? मादीच्या नजरेने. जीवशास्त्रज्ञ ओले सीहाउसेन आणि सहकाऱ्यांनी टाकीत प्रयोग केला. पांढऱ्या उजेडात मादीने आपल्याच जातीचा नर निवडला. रंग कळेनासे करणारा एकरंगी उजेड लावताच ही निवड ढासळली. सरोवरात हेच काम गढूळ पाणी करते. जाती घडवणारा कारखाना उजेडावर चालतो, आणि आपण त्यावरच पडदा टाकला आहे.

सारा दोष नाइल पर्चवर टाकणाऱ्यांशीही माझे म्हणूनच पटत नाही. हा परका, दोन मीटरपर्यंत वाढणारा शिकारी मासा १९५० च्या दशकात सरोवरात सोडला गेला. जीवशास्त्रज्ञ जेफ्री फ्रायर यांनी १९६० मध्येच त्याविरुद्ध इशारा दिला होता. १९७० च्या सुमारास तळाकडच्या माशांच्या वजनात सुमारे ८० टक्के वाटा असलेले सिक्लिड पुढच्या दशकात कोसळले, त्यात पर्चचा हात मोठा आहे. पण शेतांतली माती, शहरांचे सांडपाणी, त्यांवर माजणारे शेवाळ आणि खोल पाण्यात घटणारा प्राणवायू हे पर्चचे काम नव्हे.

पर्चने रोजगार दिला हे मी नाकारत नाही. कोळ्यांनी पर्च सोडावा असेही म्हणत नाही. पण हिशेब पूर्ण मांडायला हवा. काठावरचे लोक ज्यांना फुरू म्हणतात ते लहान सिक्लिड उन्हात वाळत. तेलकट पर्च धुरावर भाजावा लागतो. त्याला सरपण लागते, झाडे तुटतात आणि उतारावरची माती पुन्हा पाण्यातच येते.

काही जाती परतल्या, हेही खरे. इसिक्रोमिस पायरोसेफॅलस हा मासा १९९० च्या दशकात पुन्हा दिसू लागला, तोही आधीपेक्षा मोठे कल्ले घेऊन. पण तो नव्याने घडलेला नाही, वाचलेला आहे. नाहीशा झालेल्यांची जागा त्याने भरली, असे म्हणता येत नाही. आपल्याकडे उजनीच्या बाजारात विकली जाणारी चिलापी याच कुळातली; ती गढूळ पाण्यातही तगते. तगणे आणि नवी जात घडणे यांत मात्र फार अंतर आहे.

म्हणून मागणी पाण्याच्या पारदर्शकतेची हवी. म्वांझा, किसुमू आणि कंपालाचे सांडपाणी शुद्ध होऊनच सरोवरात उतरावे, डोंगरउतारांवर झाडे राहावीत, आणि जिथे पाणी अजून स्वच्छ आहे ते खडक आधी राखावेत. टांझानियातल्या माकोबे बेटाभोवती पाणी नितळ आहे आणि तिथे निळा नर निळा, लाल नर लाल आहे. म्वांझाच्या आखातात आत, गढूळ पाण्यातल्या लुआन्सो बेटापाशी निळे-लाल असे दोन गट उरलेले नाहीत.