मेथी का उगवली नाही?

मैत्रिणींनो, परसात मेथी पेरली आणि ती उगवलीच नाही, तर बियाणे देणाऱ्या दुकानदाराशी भांडण्याआधी वाफ्यात दुसरे काय आहे ते पाहा. मी आधी भांडून आले, म्हणून सांगते!

गेल्या पावसाळ्यात घरामागे कमरेइतके गाजरगवत माजले होते. कामाच्या बाईंकडून ते उपटून घेतले आणि आच्छादन म्हणून ओलेच मेथीच्या वाफ्यावर पसरले. बी वाया गेले ते गेलेच. पण दोन दिवसांत बाईंचे हात कोपरापर्यंत लाल होऊन खाजू लागले. मी त्यांना साधे हातमोजेही दिले नव्हते. डॉक्टरांकडे नेले, आठ दिवस भांडी मी घासली, तरी त्यांच्या बाकीच्या घरांचे खाडे झालेच.

दोन्हींमागचा अपराधी एकच. या गवतात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. पावसाने पाने धुतली जाताना, पालापाचोळा कुजताना ते मातीत उतरते आणि शेजारचे बी रुजू देत नाही; रुजलेच तर मुळे खुंटतात. काहींच्या कातडीलाही तेच बाधते. मूळचे हे अमेरिकेकडचे. आपल्याकडे १९५५ साली पुण्यात त्याची पहिली नोंद झाली.

झाडांच्या या भाऊबंदकीला हान्स मोलिश या शास्त्रज्ञांनी १९३७ साली ‘अ‍ॅलेलोपथी’ असे नाव दिले. अमेरिकेतल्या काळ्या अक्रोडाशेजारी टोमॅटो सुकतात, ते याच कारणाने. निलगिरीचा ताजा पालाही कुंडीत घालू नये.

आणि गंमत पाहा, गाजरगवतालाही शेरास सव्वाशेर आहे, तो म्हणजे आपला टाकळा! पहिल्या पावसात आपण ज्याची भाजी करतो तोच. पावसाळ्यापूर्वी त्याचे बी मोकळ्या जागेत टाकले, तर तो दाट वाढतो आणि गाजरगवताला डोके वर काढू देत नाही.

गवत उपटायचेच, तर फुलण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून आणि नाकाला फडके बांधून मुळासकट उपटा. ज्यांना एकदा बाधले त्यांनी हात लावूच नये. खड्ड्यात पुरते कुजले, की मगच खत म्हणून वापरा.

मी वाफा साफ केला, भरपूर पाणी दिले आणि महिनाभर थांबले. दुसऱ्या खेपेला मेथी छान उगवली. पहिली जुडी बाईंना दिली, तर म्हणतात कशा, “वहिनी, पुढच्या टायमाला गवत तुम्ही काढा, मेथी मी निवडते.”

दुकानदाराकडे मात्र अजून जायचे आहे.