बराकीतली खाट आणि अकोटचे घर

भरतीची जाहिरात निघाली की अकोटच्या रस्त्यांवर पहाटे पोरे धावताना दिसू लागतात. त्यांच्या आया दाखल्यांची चौकशी करायला आमच्याकडे येतात आणि जाता जाता हमखास विचारतात, "भाऊ, मिल्ट्रीत पोराले क्वार्टर भेटते काय? आमाले तिथं राह्यता येईन काय?"

माता-भगिनींनो, बिनलग्नाच्या जवानाला फॅमिली क्वार्टर मिळत नाही. त्याला बराक मिळते. लांबच लांब हॉल, ओळीने खाटा, खाटेपाशी काळी ट्रंक, जेवण लंगरात. सीमेवर बदली झाली की तंबू नाहीतर बंकर. भाडे नाही, विजेचे बिल नाही. पण आईबापांना त्या बराकीत मुक्काम करता येत नाही. क्वार्टर असते ते लग्न झालेल्या कायम जवानाला, तेही सीमेपासून दूरच्या छावणीत आणि नंबर लागेल तेव्हा. विवाहितांच्या घरांची इतकी टंचाई होती, की 2002 साली सरकारला त्यासाठी वेगळी योजना काढावी लागली.

आता 2022 पासून जवान म्हणून भरती होते ती अग्निवीराची. भरतीच्या वेळी अविवाहित असणे ही अटच आहे. मुदत चार वर्षांची. त्यानंतर फार तर शंभरातले पंचवीस कायम होतात. बाकीचे ट्रंक उचलून घरी येतात. म्हणून आम्ही त्या आयांना उलट विचारतो, "बाई, तो परत येईल तेव्हा राहील कोठे?"

फौजेचे छप्पर नोकरीपुरते असते, हे आपल्या समाजाला नवे नाही. बाबासाहेबांचा जन्म 1891 साली महूच्या लष्करी छावणीतला. सुभेदार रामजी सेवानिवृत्त झाले आणि छावणी सुटली. पुढे कुटुंब साताऱ्याला राहिले आणि नंतर मुंबईत परळच्या चाळीतल्या खोलीत आले. सुभेदारांना निदान पेन्शन होती. चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीराला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटीही नाही. त्याला सेवानिधी मिळतो. योजना जाहीर झाली तेव्हा ही रक्कम व्याजासह सुमारे 11 लाख 71 हजार सांगितली होती.

आम्ही पडलो कारकून, हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या वर्षी पगार 30,000; त्यातले 9,000 सेवानिधीत जाऊन हातात 21,000. राहणे-जेवणे फुकट. महिना 8,000 बाजूला टाकले, तरी 48 महिन्यांत व्याज सोडून 3 लाख 84 हजार होतात. एकट्या जवानाची खरी कमाई हे न भरलेले भाडे आहे. पण आमच्या पाहण्यात तो पैसा मोटारसायकलच्या हप्त्यात आणि बहिणीच्या लग्नातल्या मंडप-बँडमध्ये जातो. बहिणीचे लग्न करू नका असे आम्ही म्हणत नाही, बँड कमी करा म्हणतो.

सैन्याची स्वतःची गृहनिर्माण संस्थाही आहे, 1978 सालची. ना नफा ना तोटा तत्त्वावर ती फ्लॅट बांधते, पण मोठ्या शहरांत. अकोटच्या माणसाला त्याचा काय उपयोग?

आपल्यासाठी जवळची वाट रमाई घरकुलाची. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी ही राज्याची योजना आहे. 269 चौरस फुटांच्या पक्क्या घराला अनुदान मिळते. उत्पन्नाची मर्यादा आहे, तेव्हा पोराचा पगार त्यात धरतात का, हे नगरपरिषदेत किंवा पंचायत समितीत आधीच विचारून घ्यावे. गाडी अडते ती बहुधा जागेच्या कागदावर. घर आजोबांनी बांधलेले, आजोबा कधीच गेले, उताऱ्यावर नाव अजून त्यांचेच आणि चार काका हिस्सेदार! घरपट्टीची पावती दाखवून लोक म्हणतात, "हे पाहा, घर आमचंच हाय." पावती म्हणजे मालकी नव्हे. वारसाची नोंद व्हायला, काकांच्या संमतीच्या सह्या मिळायला कित्येक महिने जातात. पोरगा ट्रेनिंगला गेला त्याच आठवड्यात तो अर्ज टाकावा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच शिक्का मारून घ्यायला विसरू नये.