दृष्टांत हवा, पण हेतूसह

आपल्या समाजात चर्चा कमी होत नाहीत. बैठकीत होतात, गणेशोत्सवाच्या मंडपात होतात, लग्नघरी पंगत उठल्यावर होतात आणि रात्री जेवणाच्या पाटावरही होतात. मात्र यांतल्या बहुतेक चर्चांचा शेवट एकसारखाच होतो. एकाने एक घटना सांगायची, दुसऱ्याने तिला छेद देणारी दुसरी घटना सांगायची आणि तासाभराने दोघांनीही आपापले मत होते तसेच घेऊन उठायचे. गोष्टी दहा सांगून होतात, विचार मात्र तसूभरही पुढे सरकत नाही. हे असे का व्हावे, याचा विचार कार्यकर्त्यांनी आणि घराघरांतील जाणत्या मंडळींनी करावयास हवा.

गोष्टीचे सामर्थ्य मोठे आहे, यात शंका नाही. जगभरच्या लोककथा वरवर पाहता असंख्य दिसतात, पण त्यांचे साचे त्यामानाने थोडे आहेत. फिनलंडच्या आंटी आर्ने यांनी १९१० साली या साच्यांची पहिली पद्धतशीर सूची सिद्ध केली. अमेरिकेच्या स्टिथ थॉम्पसन यांनी ती वाढवली आणि जर्मनीच्या हान्स-यॉर्ग उथर यांनी २००४ मध्ये तिची तीन खंडांची सुधारित आवृत्ती काढली. त्याच वर्षी ख्रिस्तोफर बुकर या इंग्रज लेखकाने साऱ्या कथावाङ्मयाची मूळ कथानके सातच असल्याचा सिद्धांत मांडला. संख्या कोणतीही माना. श्रोत्याला साचा आधीपासून परिचित असतो, एवढे खरे. म्हणूनच गोष्ट अर्धी सांगितली तरी उरलेली अर्धी तो मनातच पुरी करतो. कथेचे बळ यात आहे आणि धोकाही यातच आहे.

आपल्याकडे विष्णुशर्म्याने हे फार पूर्वी जाणले होते. महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाचे तीन मंदबुद्धी पुत्र सहा महिन्यांत नीतिज्ञ करून दाखवण्याचा पण त्याने केला आणि पाच तंत्रे रचली, अशी पंचतंत्राची प्रस्तावना सांगते. मित्रभेद, मित्रसंप्राप्ती, काकोलूकीय, लब्धप्रणाश आणि अपरीक्षितकारक ही त्यांची नावे. स्नेह कसा तुटतो, दुर्बळ एकत्र येऊन कसे तरतात, जुने वैर कसे लढवले जाते, हाती आलेले कसे निसटते आणि न तपासता केलेली कृती कशी अंगाशी येते, हे माणसाच्या व्यवहारातील पाच साचेच त्याने नावानिशी समोर ठेवले. इराणच्या खुश्रू अनुशीर्वानच्या काळी, सहाव्या शतकात, हा ग्रंथ पहलवी भाषेत गेला, आठव्या शतकात अरबीत आणि पुढे युरोपच्या भाषांत पोहोचला. भारताने जगाला दिलेल्या देण्यांत या ग्रंथाचे स्थान वरचे आहे.

पण या ग्रंथातील एक गोष्ट आपण सहसा ध्यानी घेत नाही. पहिल्या तंत्रात पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री मोडणारा दमनक कोल्हा हा स्वतः उत्तम कथेकरी आहे! तो सिंहाला उवेची गोष्ट सांगतो. राजाच्या शय्येत सुखाने राहणाऱ्या उवेने एका ढेकणाला आसरा दिला. ढेकूण चावून पसार झाला आणि प्राण गेला तो उवेचा. ज्याचा स्वभाव ठाऊक नाही त्याला आश्रय देऊ नये, हे तात्पर्य कोण नाकारील? तात्पर्य खरे होते. खोटे होते ते एवढेच, की संजीवक ढेकूण नव्हता. त्याच्या निष्ठेत कसलीही खोट नसताना केवळ चपखल गोष्टीच्या जोरावर तो शत्रू ठरला आणि प्राणाला मुकला.

दमनकाच्या युक्तिवादात नेमके काय नव्हते, ते न्यायशास्त्र सांगते. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानवाक्याचे पाच अवयव दिले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर आहे, हा हेतू. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या पर्वतावरही तसाच धूर दिसतो, हा उपनय. म्हणून तेथे अग्नी आहे, हे निगमन. उदाहरणाची जागा तिसरी आहे, हे लक्षात घ्यावे. त्याच्या आधी हेतू लागतो आणि त्याच्यानंतर प्रस्तुत प्रसंगाशी सांधा जुळवून दाखवावा लागतो. दमनकाने धूर न दाखवताच स्वयंपाकघराचे वर्णन केले. आपल्या चर्चांतही बहुधा हेच घडते.

मराठीने तर या शिस्तीचा वस्तुपाठच घालून दिला आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या दृष्टांतांचा जो संग्रह केसोबासांनी तेराव्या शतकात सिद्ध केला, त्या 'दृष्टांतपाठा'त ११४ दृष्टांत आहेत. त्यांची मांडणी त्रिपदी आहे. आधी सूत्र, मग दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांत विषयाला कोठे व कसा लागू पडतो त्याचे विवरण. गोष्ट मध्ये, विचार दोन्ही बाजूंना. आपल्या नारदीय कीर्तनातही आधी पूर्वरंगात निरूपण आणि मग उत्तररंगात आख्यान, हाच क्रम आहे. बुवा आख्यानात कितीही रंगले तरी ते कोणत्या सिद्धांतासाठी चालले आहे, याचा श्रोत्याला विसर पडत नाही.

भाषेविषयीही आपली परंपरा मूक नाही. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात राजशासनाच्या लेखाचे सहा गुण सांगितले आहेत. अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व. मुख्य मुद्दा आधी, पुढचे मागच्याशी सुसंगत, शब्द कमीही नाहीत आणि अधिकही नाहीत, अर्थ सहज कळणारा, भाषा ग्राम्य नाही आणि शब्द रूढ. राजाज्ञेला जे आवश्यक ते आपल्या बैठकीतील निवेदनाला अनावश्यक कसे असेल?

आणि सर्वांत महत्त्वाचे, चर्चा कशासाठी? न्यायसूत्रे तीन प्रकार सांगतात. सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प आणि स्वतःचे काहीही न मांडता दुसऱ्याचे केवळ खोडून काढणे ती वितंडा. आज 'वाद' हा शब्द आपण भांडणासाठी वापरतो, यातच पुष्कळ काही आले. जल्पाने प्रतिपक्षी गप्प होतो, पण आपला होत नाही. वितंडेने तर जवळचेही दूर जातात.

यास्तव काही साधे नियम आपण स्वतःला घालून घ्यावेत. बोलण्यापूर्वी आपली प्रतिज्ञा एका वाक्यात सांगता येते का, हे पाहावे. गोष्टीआधी हेतू सांगावा, गोष्टीनंतर तिचा सांधा दाखवावा. दुसऱ्याने गोष्ट सांगितली तर ती रंजक आहे का, याआधी ती खरी आहे का आणि येथे लागू आहे का, हे विचारावे. आपल्याला आवडणारी गोष्ट असेल, तेव्हा तर अधिकच कसोशीने विचारावे. पाचव्या तंत्रातील ब्राह्मणीला मुंगसाच्या तोंडाला रक्त दिसले आणि बाळाला त्यानेच मारले, ही गोष्ट तिच्या मनात क्षणात पुरी झाली. मेलेला साप तिला नंतर दिसला. पाण्याची घागर हातून सुटण्यापूर्वी घरात डोकावून पाहणे, एवढेच तिला करायचे होते. तेवढे आपणही करू शकतो.