बंद खोलीतला धूर

श्रावणात ब्रह्मगिरीवर संततधार लागली, की त्र्यंबकेश्वरातील धर्मशाळांच्या खोल्या आणि तीर्थपुरोहितांच्या वाड्यांतील माड्या गारठ्याच्या भयाने दारे-खिडक्या लोटून घेतात. नारायण नागबळीच्या विधीसाठी तीन दिवसांच्या मुक्कामास आलेले कुटुंब ओली वस्त्रे दोरीवर टाकून निजते, आणि पोराबाळांना डास चावू नयेत म्हणून कोणी वडीलधारे माणूस उशाशीच कॉइल पेटवून ठेवते. हेतू निर्दोष, कारण डेंग्यू आणि हिवताप हे काही काल्पनिक शत्रू नव्हेत. परंतु त्या कॉइलीत अ‍ॅलेथ्रिनसारखे औषध शेकडा एक भागाहूनही कमी. रात्रभर धुमसतो तो बहुतांशी लाकडाचा भुसा. एका कॉइलीतून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते, आणि पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असताना डॉ. संदीप साळवी यांनीही असाच इशारा दिला होता. तंबाखूस घरात मज्जाव करणारा सोवळा गृहस्थ या धुराला मात्र उदबत्तीचा मान देतो!

दुसरा धोका धुराहून जलद. द्राक्षबागांच्या या जिल्ह्यात फवारणीचे उरलेले औषध पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ढेकणांसाठी घरी आणले जाते, तेव्हा विषाच्या तीव्रतेप्रमाणे लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण दाखविणारी चिठ्ठी मूळ डब्यावरच राहते आणि तहानलेले मूल त्या बाटलीस पाणी समजते. १९५८ साली केरळात कीटकनाशक मिसळलेल्या पिठाने शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यानंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. घरातल्या फडताळाची तपासणी मात्र कोणताही कायदा करू शकत नाही. औषध मूळ डब्यातच, कुलुपात ठेवावे. फवारा मारताना अन्नपाणी झाकावे, खोली रिकामी करावी आणि वारा खेळल्यावरच आत शिरावे. पोटात गेल्यास ओकारी काढण्याची घाई न करता, डब्यासह तडक दवाखाना गाठावा.

यात्रेकरूस हे सारे सांगणार कोण? १८६७ च्या सराई कायद्याने निवाऱ्याच्या स्वच्छतेची जबाबदारी सराईवाल्यावर टाकली होती, आणि त्याच न्यायाने २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते व घाट यांचे अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्या अंमलदारांनी खिडकीस जाळी आणि खाटेस मच्छरदाणी असल्याखेरीज एकाही निवासाची नोंदणी करू नये. मच्छरदाणीची किंमत घाटाच्या एका पायरीहूनही कमीच पडेल.